लपण क्रमांक दोन

साडू हे नातं सासऱ्यानं आपल्याला न विचारता लावून दिलेलं असतं. भाऊही आपण निवडत नाही, पण त्याच्याशी लहानपणी मारामारी तरी करून घेता येते. साडू भेटतो तो थेट वयात आल्यावर, कडक इस्त्रीत, आणि सासुरवाडीला आपली तुलना जन्मभर त्याच्याशी होत राहते. मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहितो. म्हणजे लोक भेटले की 'वाचतो हं अधूनमधून' असं सांत्वन केल्यासारखं म्हणतात. साडू वन्यजीवांचे फोटो काढतो. त्याला बक्षिसं मिळतात. आम्ही एकाच वयाचे, त्यामुळे अरे-तुरे आहे, एवढीच काय ती बरोबरी.

त्या गवताळ अभयारण्यात आम्ही दुपारी चारला पोचलो. साडू, मी आणि साडूची नऊ वर्षांची मुलगी. तिला घरात सगळे मुनी म्हणतात, कारण ती झोपेतसुद्धा गप्प नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिथल्या नव्या माहिती केंद्राचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुणा साडू होता. त्याच्या एका फोटोनं या माळाला नाव मिळवून दिलं होतं. त्या फोटोखालची ओळ माझी, म्हणून शेपटासारखा मीही.

माळ म्हणजे खरोखर माळ होता. झाड नाही, टेकडी नाही. गुडघ्याएवढं पिवळं गवत, त्यावर वारा, आणि मध्ये लोखंडी टेहळणी मनोरा. गवतात तीन लपणं होती; म्हणजे आत बसून फोटो काढायच्या, माणूसभर उंचीच्या, फटी ठेवलेल्या लाकडी पेट्या. कचेरीशेजारी पाटी: 'शांतता राखा. मोठ्याने बोलू नका. टाळ्या वाजवू नका.' टाळ्यांची मनाई असलेल्या जागांची मला सवय आहे.

वनरक्षक बाईंना तिथं सगळे गार्डबाई म्हणत. चाळिशीच्या, उन्हानं वाळलेल्या, गणवेशाला मात्र एक सुरकुती नाही. मुनीनं उतरल्या उतरल्या तोंड उघडलं तसा साडू पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "शू! वाच काय लिहिलंय."

"बोलू द्या हो तिला," गार्डबाई म्हणाल्या. "पाटी पाहुण्यांसाठी आहे."

"आम्ही पाहुणेच की," मी म्हणालो.

"साहेब कसले पाहुणे? साहेबांचं इथं जुनं येणं-जाणं." मग त्या मुनीसमोर उकिडव्या बसल्या. "ओरड, खेळ, काय पाहिजे ते कर. बाबाला मोठ्यानं हाक मारून दाखव बरं."

मुनीला हे एकदाच सांगावं लागतं. कचेरीमागच्या मोकळ्या जागेत तासभर लपाछपी चालली. "बाबा, ये ना! बाबा, मी इथं आहे!" कुंपणाच्या तारेवर चिमणीएवढे मातकट पक्षी ओळीनं बसले होते. इतक्या आरडाओरड्यात ते उडून जायला हवे होते. ते माना तिरप्या करून बसले होते, मागच्या बाकावरची मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी बसतात तशी.

शेवटी मुनी पडली. गुडघा खरचटला, भोकाड पसरलं. "बाबाऽ ये नाऽ, दुखतंयऽ!" साडू फोनवर होता. गार्डबाईंनी औषधाची पेटी आणली, पण कापूस, बाटली, पट्टी असं एकेक काढायला त्यांनी फार वेळ घेतला.

"लावा ना लवकर," मी म्हणालो.

"रडू द्या थोडं," त्या म्हणाल्या. "कुणीतरी ऐकत असतं."

मला ते मायेचं वाटलं.

माहिती केंद्रात ताज्या रंगाचा वास होता. समोरची अख्खी भिंत साडूच्या फोटोनं भरली होती. पहाटेचा उजेड, गवतात उभी एक हरणी, डाव्या कानाला चीर, मान वळवून सरळ आपल्याकडे पाहणारी. डोळे इतके मोठे केले होते की माझं डोकं त्यांच्यात मावलं असतं. खाली माझी ओळ: 'आई पाहते आहे.'

"हिचं बाळ कुठंय?" मुनीनं विचारलं.

उत्तर गार्डबाईंनी दिलं. हरणी पाडसाला गवतात बसवून लांब चरायला जाते. पाडस पोट जमिनीला लावून, हनुवटी टेकून पडून राहतं. त्याला वास नसतो. कोल्हा हातभर अंतरावरून जातो, त्याला पत्ता लागत नाही. आई हाक मारेपर्यंत ते हलत नाही. दर वर्षी दोन-चार शहाणी माणसं 'बिचारं, आई टाकून गेली' म्हणून असलं पाडस उचलून कचेरीत आणून देतात.

"मग?"

"मग मी होतं तिथं परत ठेवून येते. ठेवलं तर आई घेते. ठेवावं मात्र लागतं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोवरची धूळ बाहीनं पुसली. धूळ नव्हतीच. "पाच वर्षांपूर्वी एक राहून गेलं. लपण क्रमांक दोनच्या मागं, खुंटीला मागचा पाय बांधलेला, काळी दोरी. मला तिसऱ्या दिवशी सापडलं. मुंग्या लागल्या होत्या. ही बाई तीन दिवस तिथंच उभी होती, अशीच, बघत. मला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला."

"वाईट झालं," साडू म्हणाला आणि फोनमध्ये पाहू लागला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला सगळं ठाऊक होतं. बक्षीस मिळाल्यावर त्याच्या घरी जेवण होतं, तेव्हा गच्चीवर त्यानंच रंगवून सांगितलं होतं. पहाटे गवतात पाडस सापडलं, कॅमेऱ्याच्या पिशवीची दोरी काढून बांधलं. ते ओरडलं की आई वीस पावलांवर येणार, साधं गणित. नकला त्याला छान येतात. पाडसाला काय म्हणाला तेही त्यानं करून दाखवलं: "ओरड की गं बाई, ओरड. अजून एकदा." मी विचारलं होतं, नंतर सोडलंस ना? तर म्हणाला, "अरे, जीप आली, घाई झाली, राहून गेलं."

आणि मी हसलो होतो. नक्कल चांगली होती. दुसऱ्या दिवशी बसून ती चार शब्दांचीसुद्धा नसलेली ओळ लिहिली, आणि तिचं मानधन घेतलं.

"उद्या पहाटे कुठलं लपण देताय?" साडूनं गार्डबाईंना विचारलं. त्याला पुस्तकासाठी त्याच जागेचा नवा फोटो हवा होता.

"दोन नंबर. तुमच्यासाठी झाडून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं झाडतेय."

पहाटे साडेपाचला जीपनं त्याला लपणाशी सोडलं. मुनीनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बाबा, उद्घाटनाला मी कात्री धरू?"

"तूच धरायची. मी नुसता शेजारी उभा राहणार."

"नक्की ना? विसरणार नाहीस?"

"तुला कधी विसरलोय?" त्यानं तिच्या नाकाला चिमटा काढला. माणूस वाईट बाप नव्हता. हे लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मी, मुनी आणि गार्डबाई मनोऱ्यावर चढलो. तिथून लपण चारशे पावलांवर, तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. थंडी होती. उजेड फुटला तसा गवतातून एक मातकट पक्षी सरळ वर चढला, ठिपका झाला आणि गाऊ लागला.

"चंडोल," गार्डबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांचे आवाज उचलतो. टिटवीचा, ससाण्याचा. बापाकडून पोराकडे जातात आवाज."

मुनी कान देऊन ऐकत होती. "काका, तो कॅमेऱ्यासारखा वाजतोय."

खरंच वाजत होता. खट्-खट्-खट्, पडदा उघडमिट झाल्यासारखा. मी म्हणालो, फोटोवाले येतात इतके, शिकला असेल. माझा विज्ञानावर विश्वास आहे. भुताखेतांची टिंगल करून मी एका दिवाणखान्याच्या रंगाचा खर्च काढला आहे.

दुसरा चंडोल चढला. त्यानं बकरीच्या करडासारखा एक बारीक, फाटका आवाज काढला. पुन्हा काढला. मुनीनं माझा हात धरला.

मग तिसरा. पंखांची फडफड, मग शीळ, आणि शिळेच्या शेवटी, उंच, बारीक, अगदी स्वच्छ:

"ओरड की गं बाई."

मी स्वतःला समजावलं, की कानाला ओळखीचं ऐकायची खोड असते. पावसाच्या पन्हाळीतही माणसाला आपलं नाव ऐकू येतं.

"अजून एकदा," आकाश म्हणालं.

आवाजाचा पोत पक्ष्याचा होता. लकब साडूची होती. 'एकदा'वर तो जरा रेंगाळतो, ते रेंगाळणंही होतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"पहिल्या वर्षी एकच म्हणायचा." गार्डबाई वहीत वेळ लिहीत होत्या. "आता सगळे म्हणतात. मी वरती कळवलं होतं. आमचे वरचे साहेब म्हणाले, रजा घ्या."

मुनी म्हणाली, "काका, हरणं बघ."

ती कुठून आली ते मी पाहिलं नाही. मघा माळ रिकामा होता. आता लपणाभोवती हरण्या उभ्या होत्या. शिंगं एकीलाही नव्हती, सगळ्या माद्या. मी मोजल्या, एकतीस. हरणांचा कळप कधी स्थिर नसतो. कुणी चरतं, कुणी कान हलवतं, कुणी पायानं माशी हाकलतं. यांतली एकही काही करत नव्हती. एकतीसच्या एकतीस तोंडं लपणाकडे होती. सर्वांत पुढं एक म्हातारी, कंबरेची हाडं वर आलेली. दुर्बिणीतून तिचा डावा कान दिसला. चिरलेला.

चंडोल एकदम थांबले. वाराही पडला. त्या शांततेत फक्त मुनीचा श्वास ऐकू येत होता.

माझा फोन वाजला. साडू.

"अरे, तुला अक्कल आहे का?" तो दबक्या आवाजात चिडला होता. "तिला खाली कशाला सोडलंस?"

"कुणाला?"

"मुनीला! इथं गवतात रडतेय. पडली असणार."

"मुनी माझ्याजवळ आहे."

"काय बोलतोस? मला ऐकू येतंय ना."

मी फोन मुनीच्या तोंडाशी धरला. "बाबा, मी इथं आहे," ती म्हणाली. "वर. काकाजवळ. मी हात करतेय, दिसतोय का?"

मग त्याचा आवाज आला, आणि त्यात राग उरला नव्हता.

"दिसतोय," तो म्हणाला. "हात दिसतोय गं."

मी फोन परत कानाला लावला. "बाहेर पडू नकोस. पक्षी आहेत ते. आवाज उचलतात. ऐकतोयस ना?"

"मला कळतंय रे," साडू म्हणाला. "ती तिथं वर आहे, मला दिसतेय. पण ही रडतेय."

आणि मला ते ऐकू आलं. फोनमधून. त्याच्या मागं कुठंतरी, जमिनीलगत.

"बाबाऽ ये नाऽ, दुखतंयऽ."

मुनीनंही ऐकलं. "मी नाही," ती मला म्हणाली. "काका, शप्पथ, मी नाही."

लपणाचं दार उघडलं.

"थांब!" मी कठड्यावरून ओरडलो. चारशे पावलांवर ते पोचलं असेल. त्यानं वर पाहिलंसुद्धा.

मग तो गवतात उतरला.

मी गार्डबाईंकडे वळलो. "जीप बोलवा. काहीतरी करा!"

त्यांनी वही मिटली. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

साडू चालत होता. वाकून, गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत. लहान मूल शोधावं तसा.

हरण्यांनी वाट दिली.

मुनी हाका मारत होती. तिचा घसा फाटला तरी मारत होती. तेवढ्याच हाका खालून येत होत्या. तोच आवाज, तोच शब्द, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं.

तो खालच्या हाकेकडे वळला.

तीसएक पावलांवर थांबला. गुडघे टेकले. मग हात. मग डोकं खाली गेलं.

गवत गुडघ्याएवढंच होतं.

म्हातारी हरणी पुढं आली. मान खाली घालून तिनं त्या जागी काहीतरी हुंगलं, चाटलं. मग एकदा मनोऱ्याकडे पाहिलं. फोटोतल्यासारखं.

आणि सगळ्या चरू लागल्या.

दोन दिवस शोध चालला. आधी आम्ही, मग पोलीस, मग शेजारच्या वस्तीतली साठ माणसं हातात हात धरून ओळीनं. उद्घाटन अर्थातच पुढं ढकललं. फीत तशीच ताणलेली राहिली. पोलिसांची दोन कुत्री आणली होती. त्यांना साडूचा सदरा हुंगवला. लपणापर्यंत ती धावत गेली आणि तिथं जमिनीवर बसून जांभया देऊ लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सापडला. लपणापासून तीस पावलांवर. त्या जागेवरून मी स्वतः चार वेळा गेलो होतो, कुत्री किती वेळा ते देवाला माहीत. माझ्यासमोर त्यातलं एक कुत्रं त्याच्या पाठीवरून पाय टाकून पलीकडे गेलं. थांबलं नाही.

तो पोट जमिनीला लावून पडला होता. हातपाय अंगाखाली दुमडलेले, हनुवटी मातीला टेकलेली, डोळे उघडे. केस एका बाजूला नीट बसवल्यासारखे ओले होते. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं काही वाळलं होतं. मी हाक मारली, हलवलं, गालावर चापटी मारली. पापणी लवली नाही. पण छाती भरभर हलत होती, पाखरू मुठीत धरल्यावर हलते तशी.

चौघांनी त्याला उचललं. गार्डबाई बाजूला उभ्या होत्या.

"हे तुम्ही केलंत," मी म्हणालो.

"मी काय केलं? मी लपण झाडलं." त्यांनी जीपचं मागचं दार उघडून धरलं. "आणि मी लोकांना नेहमी सांगते, पडलेलं उचलू नका. ज्याचं आहे तो बघून घेतो. तुम्ही नेताय. न्या."

शहरातल्या रुग्णालयात त्याला तळमजल्यावर खोली मिळाली. खिडकीबाहेर हिरवळ, पलीकडे वाहनतळ. डॉक्टर तरुण, चष्मेवाले, समजूतदार. दोन दिवस उन्हात राहून त्याच्या शरीरातलं पाणी कमी झालेलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. "कुणीतरी काहीतरी पाजलंय," ते म्हणाले.

"काय पाजलंय?"

"तपासात दूध म्हणतात. कुणाचं, ते विचारू नका."

साडू पलंगावर राहत नाही. वर ठेवला की उतरतो आणि पलंगाखाली जाऊन पडतो, तसाच, हनुवटी फरशीला लावून. माझी मेहुणी फरशीवर बसून त्याच्याशी तासन् तास बोलते. एके काळी ती त्याला बोलूच देत नसे, आता उत्तरासाठी मिनिटभर थांबते. त्याची नजर तिच्यावरून भिंतीवरून सरकावी तशी सरकते. मुनीनं 'बाबा' म्हटल्यावरही तेच. ज्या आवाजामागं तो गेला, तो आता त्याला ओळखता येत नाही. मला वाटतं, हिशोब इथंच मिटायला हवा होता. तसं मी एकदा खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

भरवलेलं तो गिळत नाही. नाकातली नळी दोनदा ओढून काढली, मग डॉक्टरांनी नाद सोडला. सलाईनची सुईही राहत नाही. असे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी नर्सनं वजन केलं तर दीड किलोनं वाढलेलं. डॉक्टरांनी काटा बदलला. नव्या काट्यानं पावणेदोन सांगितलं.

मुनी हट्टानं तिथंच कोचावर झोपते. शाळेत जात नाही. बोलतेही फार कमी. नावाला जागते आहे म्हणायची पाळी आणली आहे तिनं. आज पहाटे माझी पाळी होती. साडेपाचला पोचलो तेव्हा ती जागी होती. पडदा बाजूला बांधला होता, खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि ती पलंगाशेजारी फरशीवर मांडी घालून बसली होती. खोली गार पडली होती. मी खिडकी लावायला गेलो.

"काका, नको."

"अगं, थंडी आहे."

"काका," ती शहाण्या बाईसारखं म्हणाली, "तू जरा बाहेर बसतोस? तू असलास की ती आत येत नाही. मग तो दिवसभर उपाशी राहतो."

मी पलंगाखाली पाहिलं. त्याचे डोळे खिडकीवर होते.

मी वर्तमानपत्र उचललं आणि बाहेर आलो. दार मुनीनं आतून लावून घेतलं.